कोचची हॅट आणि डेल्मर पेटस

होलिस ग्रॅनबेरी निवृत्त झाले तेव्हा लॉटन्स फेरीत सुतक पाळावं तसं वातावरण होतं. माणूस मात्र ठणठणीत होता आणि आपल्या ओसरीत झुलत्या खुर्चीवर बसून उकडलेल्या शेंगा खात होता. अलाबामातल्या या गावात चर्च पुष्कळ, न्हावी दोन आणि कोच एकच. नुसतं ‘कोच’ म्हटलं की ग्रॅनबेरी. त्यांची बायकोसुद्धा त्यांना कोचच म्हणायची. ती गेली तेव्हा तिच्या थडग्यावर ‘कोचची प्रिय पत्नी’ असं कोरलं गेलं. तिचं नाव खाली बारीक अक्षरात आहे.

त्यांच्या जागी आला डेल्मर पेटस. आला म्हणणंही चूकच, कारण तो तिथेच होता. लाकडाच्या वखारीवर राबणाऱ्या बापाचा हा मुलगा लॉटन कॉलेजात फुटबॉल खेळायला आला आणि पहिल्याच आठवड्यात कोचनी त्याला बाजूला घेतलं. ‘‘पेटस, तुझे पाय तुझ्या बापाच्या वखारीतले आहेत. डोकं बरं आहे. तू खेळू नकोस, शिकव.’’ डेल्मरला याचा राग यायला हवा होता. त्याने ते वाक्य जन्मभर कौतुकासारखं जपून ठेवलं.

शिकवायला मिळाला तो बचाव. चेंडू आपल्याकडे असतो तेव्हा लोक श्वास रोखून बघतात. तो समोरच्यांकडे गेला आणि त्यांना अडवायची वेळ आली की लोक उठून शेंगा आणायला जातात. आमच्या मैदानावर हा रिवाजच होता. डेल्मरची सगळी हयात लोकांच्या पाठी बघण्यात गेली. त्याची पोरं समोरच्यांना चिखलात लोळवत, आणि लोक शेंगांच्या ओल्या पिशव्या सांभाळत परत येऊन विचारत, ‘‘चेंडू आला का आपल्याकडे?’’

कोचची जागा रिकामी झाली तेव्हा कॉलेजने लांबलांबून बडी माणसं बोलावली. ती आली, गेटवरचा ग्रॅनबेरींचा ब्राँझचा पुतळा बघून गेली आणि नंतर त्यांनी नम्रपणे नकार कळवला. त्यांना अक्कल होती. डेल्मरकडे अक्कल होती, पण प्रेमही होतं, आणि ते दोन्ही असले की माणूस हो म्हणून बसतो. त्याला नवी कचेरी मिळाली. तिच्या खिडकीतून त्या पुतळ्याची पाठ दिसे.

‘‘पुतळ्याचीसुद्धा पाठच का रे तुझ्या वाट्याला?’’ त्याची बायको वाइनेल म्हणाली.

आता हॅटबद्दल सांगायला हवं. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळायचं असतं, आणि दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. तीन फुकट गेले की शहाणा माणूस चौथ्याला चेंडू लाथेने लांब उडवून देतो, म्हणजे समोरच्यांना निदान दुरून सुरुवात करावी लागते. धीट माणूस चौथ्यालाही खेळतो, आणि फसला तर चेंडू जागच्या जागी गमावतो. ग्रॅनबेरी धीट होते. खेळायचं असलं की ते आपली तपकिरी हॅट डोक्यावरून काढत. एवढ्या गोंगाटात आवाज कुणाला ऐकू येणार? हॅट निघाली की पोरं जागेवर उभी राहत आणि प्रेक्षकांचा स्टँड पिसाळून ओरडे. प्रार्थना, रस्त्याने जाणारी अंत्ययात्रा आणि चौथा प्रयत्न, या तीन गोष्टींखेरीज कोचचं डोकं उघडं कुणी पाहिलं नव्हतं. टक्कल पडलं आहे हे गावाला अशा पवित्र प्रसंगीच कळे.

निवृत्तीनंतर कोचना स्टँडच्या माथ्यावरच्या काचेच्या खोलीत मानाची खुर्ची देऊ केली होती. ‘‘मत्स्यालयात बसायला मी काय मासा आहे?’’ म्हणून ते खेळाडूंच्या बाकामागच्या पहिल्याच ओळीत टोकाला येऊन बसू लागले. बोलत अवाक्षर नसत. पण डेल्मरने काही सांगितलं की पोरं आधी मागे वळून हॅटकडे बघत, मग कामाला लागत. स्टँडही हॅटकडेच बघे. हॅट जरा कलली तरी कुजबुज होई, ‘‘कोचना पटलेलं नाही.’’ म्हाताऱ्याच्या कानाला खाज सुटली असेल, हे कुणाच्या मनातही येत नसे.

डेल्मर पहिला सामना हरला. घरी आला तर हिरवळीवर ‘घर विकणे आहे’ अशी पाटी रोवलेली. आमच्याकडची ही जुनी रीत. हरणाऱ्या कोचच्या अंगणात पाट्या उगवतात. ग्रॅनबेरींच्या अंगणात कधी उगवली नव्हती, त्यामुळे गावाचा हात बसला नव्हता. ती उणीव लोकांनी त्या हंगामात भरून काढली. दुसऱ्या पराभवानंतर तीन पाट्या आल्या. पुढे तर अंगणाला कुंपणच झालं. एकदा मोबीलहून आलेलं एक जोडपं खरंच घर बघायला दारात उभं राहिलं. वाइनेलने त्यांना थंड चहा पाजला, स्वयंपाकघर दाखवलं, छप्पर कुठे गळतं तेही सांगितलं.

‘‘अगं, आपल्याला विकायचं नाहीये ना?’’ डेल्मर वैतागला.

‘‘त्यांना फार आवडलं पण,’’ वाइनेल म्हणाली. ‘‘या महिन्यात आपल्याबद्दल चांगलं बोललेली पहिलीच माणसं होती ती. अशी कशी दारातून घालवून देऊ?’’

हंगामाचा शेवटचा सामना मार्बल हिल कॉलेजशी. त्यांना आमचं गाव वर्षभर पाण्यात पाहतं, एरवी खेळ असो नसो. कॉलेजच्या अध्यक्षांनी डेल्मरला बोलावून, पुतळ्याकडे बघत, सांगितलं, ‘‘शनिवारचा निकाल लागला की तुमचं काय करायचं ते बघू.’’ म्हणजे हरलास तर गाशा गुंडाळ. डेल्मरला नोकरीची भीती होतीच. पण त्याहून जास्त त्याला एक गोष्ट खात होती: जाण्याआधी एकदा, एकदाच, या पोरांनी मागे न बघता आपलं ऐकावं.

त्याच आठवड्यात मिस युलाली क्रेनशॉ वारल्या. मैदानाला लागून त्यांचा गुलाबांचा बगीचा होता, आणि दर सामन्याला आमची मंडळी त्यात गाड्या लावत. बाईंनी जन्मभर या खेळाला शिव्या घातल्या. आमच्या गावात सामन्याच्या दिवशी कुणाला पुरत नाहीत. मरणारेही तेवढी समजूत दाखवतात. मिस युलालींनी मात्र अंत्यविधीवाल्या अर्लला आधीच बजावून ठेवलं होतं: मला शनिवारीच न्यायचं, मार्बल हिलच्या सामन्यात, आणि मैदानाजवळच्याच रस्त्याने. ‘‘मेल्यावर तरी त्यांना माझ्यासाठी उभं राहू दे,’’ असं त्या म्हणाल्या होत्या. पाद्रीबुवांनी मागचा रस्ता सुचवून पाहिला. अर्ल म्हणाला, ‘‘मी त्यांना जिवंतपणी घाबरायचो. आता तर जास्तच घाबरतो.’’ गाव दोन दिवस हळहळलं, बाईंसाठी कमी आणि अर्लचा सामना बुडणार म्हणून जास्त.

शनिवारी सामना चिवट झाला. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. चेंडू आमच्याकडे, मैदानाच्या मध्यावर, तीन प्रयत्न संपलेले आणि एकच यार्ड कमी. डेल्मरने हात वर करून खूण केली: लाथ मारा. स्टँडमधून असा आवाज आला की जणू त्याने कुणाचं जेवणाचं ताट ओढलं. एका यार्डासाठी चेंडू देऊन टाकतोस? पण डेल्मरला आपला बचाव माहीत होता. दुसऱ्या कुणाला तो माहीत नव्हता, कारण ते सगळे शेंगा आणायला गेलेले असत.

आणि तेवढ्यात हॅट निघाली.

सगळा स्टँड उठला. ‘‘कोच म्हणतात खेळा!’’ लाथ मारणारा धावत मैदानात आला होता, तो अर्ध्यात थबकला. चेंडू खेळवणाऱ्या लमार बोझमनने त्याला हाताने परत पाठवलं आणि पोरं जागेवर उभी राहिली.

डेल्मरने मागे बघितलं. म्हातारा उभा होता, हॅट छातीशी. पण तो मैदानाकडे बघत नव्हताच. त्याच्या नजरेमागे डेल्मरची नजर गेली. मैदानाच्या उघड्या टोकापलीकडे, चढाच्या रस्त्यावर, दिवे लावलेल्या गाड्यांची रांग हळूहळू चालली होती. सर्वांत पुढे अर्लची काळी गाडी होती. सबंध गाव हॅटकडे बघत होतं, त्यामुळे हॅट कशासाठी निघाली ते एकालाही दिसलं नाही. मिस युलाली चालल्या होत्या, आणि हजारो माणसं उभी राहून, टोप्या हवेत उडवून, बेंबीच्या देठापासून ओरडत होती. असा निरोप आमच्या गावात गव्हर्नरलासुद्धा मिळाला नव्हता.

डेल्मरने आधी आपली टोपी काढली, कारण त्याच्या आईने त्याला तसंच वाढवलं होतं. मग टोपीवाल्याच हाताने खूण करून खेळ थांबवला. पोरं धावत बाजूला आली.

‘‘कोच डेल्मर, कोचनी हॅट काढली!’’ लमार धापा टाकत म्हणाला.

‘‘बघितली. ती मिस युलालींसाठी आहे. तो बघ रस्ता.’’

पोरांनी रस्त्याकडे बघितलं. दोघातिघांनी घाईघाईने हेल्मेटं काढली.

‘‘पण लोकांना वाटतंय की...’’

‘‘लोकांना काय वाटतंय ते मला ऐकू येतंय, लमार. बाईंनाही ऐकू जात असेल.’’ डेल्मरचा आवाज आश्चर्य वाटावं इतका शांत निघाला. ‘‘हे बघा, हरलो तर माझं घर विकायला निघालेलंच आहे. तुमच्यावर काही येणार नाही. इतकी वर्षं मी एकच गोष्ट शिकवत आलोय, ती आज कामाला येईल असं मला वाटतं. लाथ मारायची. मागे बघायचं नाही.’’

लमारची मान सवयीने वळायला लागली. अर्ध्यात थांबली. ‘‘येस सर,’’ तो म्हणाला.

लाथ बसली. पुढच्या शिव्या इथे लिहिता येत नाहीत. त्यांतल्या काही चर्चच्या गायकवृंदातल्या बायकांच्या होत्या. चेंडू उंच गेला, पडला, घरंगळत मार्बल हिलच्या अगदी दारात जाऊन थांबला. आता त्यांची पाठ त्यांच्याच गोलरेषेला टेकली होती. चेंडू घेतलेला त्यांचा गडी तिच्या मागे आडवा झाला तर आम्हाला दोन गुण.

आणि गंमत अशी की शेंगा आणायला कुणी गेलं नाही. रागाने का होईना, पण सगळे बसून बघत होते. मार्बल हिलने पहिला प्रयत्न केला, अडले. दुसऱ्यात एक पाऊल मागेच सरकले. तिसऱ्याला त्यांचा गडी चेंडू घेऊन वळला, तर समोर डेल्मरची चार पोरं त्याचीच वाट बघत उभी असल्यासारखी. तो तिथेच, रेषेच्या मागे, पाठीवर आडवा झाला. दोन गुण. आम्ही एकाने पुढे! उरलेला वेळ कसा गेला ते कुणालाच नीट आठवत नाही. डेल्मर मात्र खाली बसून आपल्या बुटाची बांधलेली नाडी पुन्हा बांधत होता, कारण त्याला रडू येत होतं.

रविवारी चर्च सुटल्यावर अर्लीनच्या खाणावळीत गावाने निकाल दिला.

‘‘कोचनी हॅट काढली ती मार्बल हिलला चकवायला,’’ हॉयट न्हावी तळलेल्या चिकनचा तुकडा नाचवत म्हणाला. ‘‘त्यांना वाटलं आम्ही खेळणार, आणि आम्ही मारली लाथ! म्हातारा काय डोक्याचा आहे!’’

‘‘मी परवाच म्हटलं होतं,’’ अर्लीन म्हणाली. तिने काहीही म्हटलं नव्हतं.

टेबलाशी बसलेल्या वाइनेलने तोंड उघडलं, तर डेल्मरने टेबलाखालून तिचा हात दाबला. ‘‘राहू दे,’’ तो हळूच म्हणाला. त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. चांगलंच वाईट वाटलं. आयुष्यात एकदा लोकांनी त्याचा बचाव बघितला, आणि तोही म्हाताऱ्याच्या नावावर जमा झाला.

संध्याकाळी तो अंगणातल्या पाट्या उपटत होता. खांब चांगले भक्कम होते, टोमॅटोच्या वेलांना होतील म्हणून त्याने बाजूला रचले. रस्ता ओलांडून ग्रॅनबेरी आले आणि एक पाटी स्वतःच उपटू लागले. ती निघेना. दोघांनी मिळून ओढली.

‘‘मी युलालीसाठी काढली होती,’’ म्हातारा म्हणाला.

‘‘माहीत आहे मला.’’

‘‘खाणावळीत जाऊन सांगून आलो आत्ता. त्यांना वाटतंय मी विनयाने बोलतोय. गाढवं आहेत.’’ त्यांनी हाताची माती पुसली. ‘‘मी खेळलो असतो त्या यार्डासाठी. आणि हरलो असतो. त्यांच्या मधल्या फळीत फट नव्हती, तिथून दिसत होतं.’’

डेल्मरने पाटीची माती झटकली. घरातून कॉफीचा वास येत होता आणि वाइनेल जाळीच्या दारामागून सगळं ऐकत असणार याची त्याला खात्री होती.

ग्रॅनबेरी पायऱ्या चढून दारापाशी गेले आणि तिथे थांबले. आजवर या घरात ते कधी विचारून आत गेले नव्हते. आज त्यांनी डोक्यावरची हॅट काढली. डेल्मरने सवयीने आधी रस्त्याकडे बघितलं. रस्ता रिकामा होता.

‘‘आत येऊ का, कोच?’’ म्हाताऱ्याने विचारलं.