सम आकड्यांची बाजू

टपालवाल्याच्या घरी मुलगी झाली आणि तिला सगळे चिठ्ठी म्हणू लागले, यात कुणाला नवल वाटलं नाही. कागदोपत्री तिला चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते शाळेच्या हजेरीपुरतं. एरवी घरात, गल्लीत, बाबांच्या कचेरीत ती चिठ्ठीच. आणि चिठ्ठी म्हटल्यावर ती एका जागी थोडीच राहणार? गेली ती थेट परदेशात, इमारत उभी करण्याआधी जमिनीची माती तपासतात ती विद्या शिकायला. बाबा सगळ्यांना सांगत सुटले होते की आमच्या घराण्यातलं पहिलंच टपाल इतक्या लांब चाललंय.

बाबांनी चौतीस वर्षं एकाच वस्तीत टपाल वाटलं. माणूस बोलघेवडा, दारात उभा राहिला की तिथून पाय निघायचा नाही. पण कुणाच्या पत्राबद्दल बाहेर कधी चकार शब्द काढला नाही. कामात मात्र त्यांचा एक हट्ट होता, आणि त्यापायी सोबतचे लोक त्यांना कंटाळायचे. रस्ता घेतला की आधी विषम आकड्यांची बाजू शेवटच्या घरापर्यंत, मग पुन्हा रस्त्याच्या तोंडाशी यायचं आणि सम आकड्यांची बाजू पहिल्यापासून. मध्येच रस्ता ओलांडायचा नाही, समोरून कुणी हाका मारमारून घसा कोरडा केला तरी. इकडून तिकडे उड्या मारणारा एखादं दार विसरतोच, असं त्यांचं म्हणणं. सुट्टीत ते चिठ्ठीला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे आणि जेवताना तिच्याकडून रस्ता म्हणून घ्यायचे. सतराला काय? हिरवं फाटक. एकोणीसला? लंगडं कुत्रं. इतर मुलं पाढे म्हणायची, ही घरं म्हणायची.

चिठ्ठी परदेशी जाऊन सहा आठवडे होतात न होतात तोच बाबांना अर्धांगाचा झटका आला. आईने आठ दिवस तिला कळू दिलं नाही. पोरीची परीक्षा आहे, जीव टांगणीला कशाला लावायचा, हा आईचा हिशोब. त्या आठ दिवसांबद्दल चिठ्ठीने आईला अजून माफ केलेलं नाही, पण तो विषय आता दोघीही काढत नाहीत.

हातपाय हळूहळू हलू लागले. वाचा गेली ती गेलीच. वाचेचे धडे देणाऱ्या बाई घरी यायच्या. यांना सगळं समजतं, शब्द तेवढे अडकलेत, असं त्या सांगायच्या. पहिले सहा महिने महत्त्वाचे, तेवढ्यात एखादा जरी शब्द सुटला तरी वाट सापडेल, नंतर अवघड. आणि त्यांनी समोर काय धरलं, तर गाय आणि आंब्याची चित्रं. चौतीस वर्षं लोकांची गिचमिड अक्षरं लावलेला माणूस तो! त्यांनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा बाईंकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मग बाई येत राहिल्या आणि बाबा भिंतीकडे बघत राहिले.

तोड काढली ती चिठ्ठीने, आणि तीही न ठरवता. एका शनिवारी बाजारात जाताना तिने आईला फोन लावला होता आणि सहज म्हणून दारांचे आकडे वाचत चालली होती. आई मध्येच कुजबुजली की यांची बोटं चादरीवर हलतायत, पत्रांचा गठ्ठा चाळल्यासारखी. त्या दिवसापासून नेम झाला. दर शनिवार-रविवारी ठरल्या वेळी चिठ्ठीने एक रस्ता घ्यायचा, एक बाजू आज, दुसरी उद्या. आईने फोन बाबांच्या कानाशी धरायचा. नुसता आवाजच, कारण पडद्यावरची हलती चित्रं बघितली की बाबांना गरगरायचं. चिठ्ठी शिकत होती ते गाव तिने तीन महिन्यांत संपवलं. बोटं हलायची, डोळा लागायचा, पण शब्द काही आला नाही. सहावा महिना लागला होता.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात तिला तिथल्या एका मोठ्या शहरात जायला मिळालं. रेल्वेने तीन तासांचं अंतर, पण प्रयोगशाळेच्या कामातून वर्षभरात असा मोकळा शनिवार-रविवार पुन्हा मिळणार नव्हता. सोबत शेजारच्या खोलीतली उंच मुलगी होती. त्या मुलीने काय काय बघायचं ते एका कागदावर लिहून आणलं होतं.

शनिवारी उंच मुलगी तो कागद घेऊन गेली आणि चिठ्ठी स्टेशनासमोरच्या एका लांबलचक रस्त्याला लागली. एक नंबर, चांभाराचं दुकान, दाराशी किल्ल्यांचे जुडगे टांगलेले, कारण इथं किल्ल्याही तोच करून देतो. सात नंबर, कपडे धुण्याचं दुकान, काचेआड माणसं आपापल्या यंत्रासमोर बसलेली. तेवीस नंबर, दातांचा दवाखाना आणि पायरीवर गाल धरून बसलेला एक धिप्पाड माणूस. असं करत सत्त्याण्णवपर्यंत गेली. नवे बूट चावत होते, दोन्ही टाचांना फोड आले. संध्याकाळी उंच मुलीने दिवसभराचे फोटो दाखवले. उंच मनोरा, राजवाड्याची बाग, नदीवरचे सात पूल. चिठ्ठीने फोटो पाहिले आणि तिला बाबांचा राग आला. हो, सरळसरळ राग आला. तेविसाव्या वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाला यायचं आणि दारं मोजत फिरायचं? मग अंथरुणावरच्या माणसाचा आपल्याला राग येतो म्हणून स्वतःची लाज वाटली, आणि ती पाण्यात पाय सोडून बसली.

रविवारी उंच मुलीने दोघींची बोटीची तिकिटं काढली होती. बोट पावणेबाराला, फोनची वेळ सव्वाअकराची. रस्ता एकीकडे, धक्का दुसरीकडे. चिठ्ठीने रात्रीच ठरवलं होतं, एकच दिवस. एका दिवसाने काय बिघडतंय?

धक्क्यावरच्या रांगेत उभी राहून तिने फोन लावला. आईने विचारलं, आज आवाज फार येतोय? चिठ्ठी म्हणाली, इथं रविवारी बाजार भरतो. मग तिने रस्ता रचायला घेतला. दोन नंबर, पावाचं दुकान. चार नंबर, जिन्यात झोपलेलं मांजर. सहा, आठ, दहा. कालचं थोडं, मनाचं थोडं. थाप इतकी सहज जमत होती की तिची तिलाच भीती वाटली. रांग पुढे सरकली. तिकिटं तपासणाऱ्याने हात पुढे केला, तेव्हा ती सांगत होती की अडतीसला एका डॉक्टरीणबाईंची पाटी आहे, आणि बेचाळीसला...

फोनमधून घरघरल्यासारखा आवाज आला. कुणीतरी गंजलेलं फाटक ओढल्यासारखा.

"चाळीस."

पलीकडे काहीतरी खाली पडलं, आणि मग आईचा आवाज आला, रडणारा.

"चिठ्ठे, ऐकलंस का गं? बोलले. तुझे बाबा बोलले."

आणि त्यावर पुन्हा तेच, आता थोडं त्रासून, पूर्वी जेवताना तिचं एखादं घर सुटलं की व्हायचे तसे. "चाळीस."

आई हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. ती म्हणाली, अगं सांग ना पटकन, चाळीसला काय आहे, ते वाट बघतायत. चिठ्ठीच्या जिभेवर एक निळं दार आलं होतं. पितळी कडी, बाहेर कुंडी. एवढं सांगितलं असतं की झालं असतं. तिला ते सांगवेना. पाच महिन्यांनी बापाच्या तोंडून शब्द आला होता आणि तिच्याकडे द्यायला थाप होती. अर्ध्या तासाने फोन करते, एवढंच ती म्हणाली.

उंच मुलगी बोटीवरून हाका मारत होती. चिठ्ठीने नाही अशी मान हलवली आणि धक्का चढून वर आली. बस मिळाली नाही. फोड फुटलेल्या टाचांनी ती अर्धी पळत, अर्धी लंगडत त्या रस्त्याला पोहोचली. पावाचं दुकान नव्हतं. मांजर नव्हतं. अडतीसला दिव्यांच्या शेडचं दुकान होतं, आणि त्याच्या पुढे पत्र्याचं कुंपण. फटीतून आत पाहिलं तर खोल खड्डा, तळाशी पाणी. शेजारच्या भिंतीला कुणाच्या तरी न्हाणीघराच्या पांढऱ्या फरश्या अजून चिकटलेल्या होत्या. खड्ड्यापलीकडच्या दारावर आकडा होता बेचाळीस.

तिने फोन लावला. काय झालं ते आधी आईला सांगितलं. आई फोन घेऊन खोलीच्या दाराशी गेली. मग फोन तोंडाशी धरून हळूच बोलली.

"हे त्यांना नको सांगूस. चांगलंसं घर सांग काहीतरी. पुन्हा गप्प झाले तर मी काय करू?"

आईचं चुकत नव्हतं. पाच महिने त्या खोलीत भिंतीकडे बघणाऱ्या माणसाशी तीच एकटी बोलत आली होती. बाबांनी पुन्हा तोंड फिरवलं, तर ते एका थापेपायी, आणि थाप मारणारी कोण, तर चिठ्ठी. ती पत्र्याला टेकून उभी राहिली. तिला भीती वाटत होती. तरी ती म्हणाली, आई, फोन त्यांच्या कानाला लाव.

"बाबा, चाळीस नंबर नाहीये. पाडलंय. इथं नुसता खड्डा आहे. आणि मघाशी मी या रस्त्यावर नव्हतेच. मला बोटीत बसायचं होतं. ती सगळी बाजू मी मनाने सांगितली. एकही दार खरं नव्हतं."

बाबांचा श्वास ऐकू येत होता, जड, अडखळत. आईने मध्येच काहीतरी समजावणीचं म्हटलं. रस्त्यावरून एक मोटार गेली, मग दुसरी. चिठ्ठीला वाटलं, फिरवलं तोंड. संपलं सगळं. आपल्याच हाताने घालवलं. ती पत्र्याशी उभ्या उभ्या रडायला लागली, येणारेजाणारे बघत होते तरी.

मग ते फाटक पुन्हा ओढलं गेलं. फार जड होतं. आधी नुसती हवा आली, मग जीभ कुठेतरी अडली, पुन्हा हवा आली.

"दोन."

आईला कळलं नाही. ती घाबरून म्हणत होती, दोन काय? काय दोन? औषध हवंय का? चिठ्ठीला मात्र कळलं. सम आकड्यांच्या बाजूचं पहिलं दार. तिने डोळे पुसले, फोन कानाशी घट्ट धरला आणि ज्या वाटेने आली होती त्याच वाटेने लंगडत परत निघाली, रस्त्याच्या तोंडापर्यंत. पलीकडे बाबा थांबले होते. तिचा श्वास थोडा बसला तेव्हा तिने दारावरचा आकडा नीट वाचला.

"दोन नंबरला बँक आहे, बाबा," ती म्हणाली. "आज बंद आहे."