गुळाच्या तुलेचा फोटो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, सुजाताला, सांगायचा प्रश्नच नव्हता, कारण तिला सगळं पहिल्यापासून ठाऊक आहे. बाकीच्यांना सांगायचं धाडस झालं नाही. तुम्हाला सांगतोय ते तरी नीट जमेल का — बघू.

कुठून सुरू करू? फोटोपासूनच करतो, तो सगळ्यांनी पाहिलाय. देवीच्या देवळाचं आवार, मोठा लोखंडी तराजू. एका पारड्यात आमची लेक मैत्री, तेव्हा चार वर्षांची. दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. मैत्रीला धरून उभी सुजाता, कपाळभर कुंकू, नजर थेट समोर. दुसऱ्या एखाद्या घरात हा फोटो चौकट करून भिंतीवर लागला असता.

आमच्या घरात? आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले देवांचे टाक ओढ्यात सोडून आले. बाबा लोह्याच्या विहारात वर्षानुवर्षं बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि बुद्धपौर्णिमेला अंधश्रद्धेवर माझं भाषण ठरलेलं असतं, टाळ्यांसकट. पौर्णिमेची वंदना सुजाता सांगायची. तिचा आवाज लागला की मागे कुजबुजणाऱ्या बायासुद्धा गप्प बसायच्या. अशा घराच्या ग्रुपवर हा फोटो आला, आणि तोही तिच्याच फोनवरून.

थांबा, आधी आजारपणाचं सांगायला हवं. मैत्री लातूरच्या एका दवाखान्यात अकरा दिवस होती. ताप मेंदूपर्यंत गेला होता. डॉक्टर बोलायचे, मला शब्द ऐकू यायचे, अर्थ लागायचा नाही. शेजारच्या खाटेपाशी जळकोटची एक बाई होती. ती म्हणाली, आमच्या देवीला लेकराच्या वजनाइतका गूळ बोला. त्याच दुपारी दवाखान्याच्या जिन्यात, पायात चप्पल तशीच, कुणीतरी हात जोडले. मैत्री बरी झाली. औषधानं झाली, हे मी आजही वर्गात छातीठोकपणे सांगेन. मग नवस फेडायला जायचंच कशाला? फेडला नाही तर ताप परत येईल, असं वाटत होतं. कुणाला?

मला. जिन्यात हात जोडणारा मी होतो.

सुजाताला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या मनाला पटून न्हाई राहिलं. तुमचा जीव ऱ्हाईना म्हणून येते. पण हात मी जोडणार न्हाई." आणि नाहीच जोडले. फोटोत तिचे दोन्ही हात मैत्रीच्या कमरेला आहेत. कुंकू तिथल्या म्हातारीनं फासलं, ती लेकराला धरून असताना. हात कुणी पाहिलेच नाहीत, सगळ्यांनी कपाळ पाहिलं.

घरी सांगितलं होतं की सुजाता मैत्रीला तपासणीला नेतेय आणि मी उदगीरला प्रशिक्षणाला चाललोय. दोघं मिळून निघालो तर बाबा खोदून विचारतील, ही भीती. हे डोकंही माझंच. फोटो मीच काढला, तिच्या फोनवर, कारण माझा बंद पडला होता. परतीच्या एस्टीत तिच्या फोनवरून तो माझ्या नंबरवर पाठवायला गेलो. का हवा होता मला? नवस फेडल्याचा पुरावा म्हणून? कोणाला दाखवणार होतो? माझं नाव वर, ग्रुप त्याच्या खाली. बोट खाली पडलं, आणि मला कळलंही नाही.

लोह्याला उतरल्यावर ती पुढे गेली. मी ठरल्याप्रमाणे स्टँडवर तासभर रेंगाळलो, चहा प्यायलो. घरी पोचलो तर बाबा दारात खुर्ची टाकून बसलेले. धर्माबादच्या काकांनी फोन करून त्यांना ग्रुप बघायला लावला होता. सुजाता भिंतीला टेकून उभी. तोवर तिनं एक शब्द सांगितला नव्हता. माझी वाट बघत होती — मी येऊन बोलेन म्हणून.

बाबा ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. फोन माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "तुला ठाऊक होतं का रे हे?"

"न्हाई, बाबा."

एवढंच बोललो. बाबा सुजाताकडे वळले, फोटो कुणी काढला म्हणाले. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं.

"तिथली एक बाई होती," ती म्हणाली.

का म्हणाली? मला वाचवायला? की त्या क्षणी मी तिच्या हिशेबी संपलो होतो? सात वर्षं झाली, मला ठरवता आलेलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याशी गॅसबद्दल बोलते, भाजीबद्दल बोलते, मैत्रीच्या शाळेबद्दल बोलते. वंदना आता दुसरी बाई सांगते, सुजाता विहारात सगळ्यांत मागे बसते. बाबांनी तिच्या हातचं पाणी घेणं सोडलं. पाणी नाकारणं म्हणजे काय, हे आमच्या घराला कुणी शिकवायला नको. तरी बाबांनी ते केलं, आणि मी उठून त्यांना माठातलं पाणी देत राहिलो.

गेल्या महिन्यात आम्ही शेंगा सोलत बसलो होतो. मैत्री आता अकराची, बाबांकडे वंदना शिकते. तिनं मध्येच विचारलं, "आई, मला गुळात तोलायला तूच नेलं होतंस ना?"

"हाव," सुजाता म्हणाली. "मीच."

"मी तुझ्यासारखं कधीच न्हाई करणार."

"करू नको," सुजाता म्हणाली आणि टरफलं गोळा करून उठली. मी शेंगा सोलत राहिलो. लाज वाटली, पण हात थांबले नाहीत.

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. काका तेव्हा म्हणाले होते, बघा, कशी निलाजऱ्यासारखी कॅमेऱ्यात बघतेय. मी तो मोठा करून पुष्कळदा पाहिलाय. ती माझ्याकडे बघतेय.