शेंदराखालचा घोडेस्वार

गादीसाठी चुलत्या-पुतण्यांत झालेल्या लढाईत पडलेल्या एका घोडदळाच्या सरदाराची समाधी पाहायला गेलो. इतिहासाने त्याला अर्धी ओळ दिली आहे. गावाने मात्र शेंदूर फासून देव केला आहे. नाव वहीत टिपायला वाकलो, तेव्हा एक बाई मातीचे दोन घोडे वाहत होत्या.

"दोन कशाला, मावशी?"

"दोन लेकं हायती. काल बांधावरून एकमेकांवर कोयतं उगारलं. ह्यानंच आवरावं आता."

"हा देव नाही, मावशी. हासुद्धा भावकीच्याच भांडणात मेला."

त्यांनी सुजलेले डोळे वर केले. "मग ह्याला तरी कळंल."

वाऱ्याने एक घोडा कलंडला. त्यांनी उभा केला. तो पुन्हा कलंडला. तेव्हा मी वही मिटून घोड्याला टेकवली.