फिटनेसची सही

मी ग्रामसेविका आहे. राहायला मुरूमला आणि वाट्याला आलेली गावं दोन, दोन्ही आडवाटेची. नोकरीच्या सुरुवातीला एसटीची वाट बघण्यातच निम्मा दिवस जायचा. मग नवऱ्यानं मला मोटारसायकल शिकवली. त्याचं टायरचं दुकान आहे. मी स्कूटी म्हणत होते, तर तो म्हणाला, "त्या रस्त्याला स्कूटी टिकायची न्हाय. गिअरची शिक. मी हाय की मागं." आणि खरंच तो मागं बसायचा. क्लच सोडताना गाडी बंद पडली की बघणारे हसायचे, तो कधी हसला नाही.

मला वेग आवडतो हे मात्र मला एकटीला कळलं. उमरग्याला मीटिंग असली की मुद्दाम लवकर निघायचे. हायवेकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक लांब वळण आहे, तिथं गाडी एका बाजूला झुकली की पोटात काहीतरी हलकं व्हायचं. घरी हे सांगितलं तेव्हा नवऱ्याला कोण आनंद झाला. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला तो सांगायचा, "आमच्या मॅडम वळणाला ब्रेक मारत न्हाइत, नुसत्या झुकतात."

ट्रॅक डेबद्दलही त्यानंच शोधून काढलं. पुण्याचे एक प्रशिक्षक कोइमतूरच्या रेसट्रॅकवर माणसं घेऊन जायचे. शर्यत नाही, नुसतं शिकायचं आणि मोकळ्या ट्रॅकवर गाडी पळवायची. गाडी आणि अंगावरचा चामड्याचा सूट तिथं भाड्यानं मिळायचा. फक्त मोटरस्पोर्टचं लायसन काढावं लागणार होतं. त्यानं प्रशिक्षकांना स्वतः फोन केला, मला बोलायला दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजारपेठेला ठाऊक झालं की टायरवाल्याची बायको रेसच्या ट्रॅकवर जाणार. माझी छाती फुगायच्या आधी त्याची फुगली होती.

लायसनसाठी फार काही लागत नव्हतं. फोटो, रक्तगट, चालकाचा परवाना आणि डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला. आमचे डॉक्टर म्हणजे नवऱ्याचे शाळेपासूनचे मित्र, मुलीच्या जन्मापासून तेच बघतात. मी त्यांना भाऊजी म्हणते. आम्ही दोघं गेलो. त्यांनी रक्तदाब घेतला, छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. मग नवऱ्याकडं न बघता म्हणाले, "वहिनी, ठोका मधेच चुकतोय."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे हृदय जरा कमजोर हाय. घाबरू नका. पण आता गाडी नको, जड उचलायचं न्हाय, मीठ कमी करा. एक गोळी लिहून देतो."

"ईसीजी काढायचा का?"

"काढू की. घाई न्हाय."

घरी आल्यावर नवऱ्यानं माझ्या हातातली गाडीची चावी हळूच काढून घेतली आणि म्हणाला, "तुझ्यापेक्षा ट्रॅक मोठा न्हाय." मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

त्यानंतरचे महिने आमच्या संसारातले सगळ्यात मायेचे होते, हे आजही नाकारता येत नाही. सकाळी पाणी तो भरायचा. दळणाचा डबा मला उचलू द्यायचा नाही. मला दोन्ही गावांना दुकान बंद ठेवून तो स्वतः सोडायचा, परत आणायचा. माझी भाजी अळणी, म्हणून तोही बिनमिठाची खायचा. मी मात्र आतून खचत गेले. जिना चढताना मधेच थांबून ठोके मोजायचे. एकदा ग्रामसभेत दोन गटांत बाचाबाची झाली, तर मी भिंतीला टेकून खाली बसले. लोकांनी पाणी दिलं. मला वाटलं, आता हृदय थांबणार.

मुलगी तेव्हा चौथीत होती. दुपारी मी पडलेली असले की शाळेतून आल्या आल्या दप्तरही न काढता माझ्या नाकाशी बोट धरायची. बोटाला श्वास लागला की मग हातपाय धुवायला जायची. एकदा नवरा दारात उभा राहून हे बघत होता. आमची नजरानजर झाली आणि तो तोंड फिरवून बाहेर गेला. त्याला रडू आलं असेल असं मी समजले.

पुढं पंचायत समितीत कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी ठेवली होती. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला आणि म्हणाल्या, "छान आहे."

मी म्हटलं, "नीट बघा मॅडम, मला हार्टचा त्रास आहे." त्यांनी गोळीचं पाकीट मागितलं. पर्समधून काढून दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं. "ही तर ताकदीची गोळी आहे. हार्टची कुठं?" तरी माझी खात्री पटेना म्हणून त्यांनी सोलापूरला पाठवलं. तिथं इको झाला. हृदयाच्या डॉक्टरांनी मला पडद्यावर माझं हृदय दाखवलं, उघडत मिटत होतं, एकसारखं. "कुणी सांगितलं तुम्हाला ठोका चुकतो म्हणून?" त्यांनी विचारलं. मला नाव घ्यायची लाज वाटली.

सोलापूरला मी एकटीच गेले होते, उमरग्याला मीटिंग आहे, बसनं जाते असं सांगून. परतताना घरी गेले नाही, सरळ भाऊजींच्या दवाखान्यात गेले. पेशंट बाहेर जाईपर्यंत थांबले. मग रिपोर्ट टेबलावर ठेवला. त्यांनी तो उघडलाही नाही.

"वहिनी, बसा."

"न्हाय बसत. सांगा."

"तुम्ही यायच्या आदल्या दिवशी त्यानं मला फोन केला होता. म्हणाला, सही देऊ नको, कायतरी कारण काढ. मला वाटलं, आठ-पंधरा दिवसांची गोष्ट. नंतर तोच खरं सांगंल."

"आणि न्हाय सांगितलं तर? तुम्ही डॉक्टर हायत ना भाऊजी?"

मी रिपोर्ट उचलला आणि निघाले.

नवरा दुकानात एका ट्रॅक्टरच्या टायरला हवा भरत होता. गिऱ्हाईक होतं म्हणून मी थांबले. ते गेल्यावर म्हटलं, "माझं हृदय चांगलं हाय. सोलापूरला बघून आले."

त्यानं हवेची नळी बाजूला ठेवली. नाकारलं नाही, एवढं खरं. "तू पडली असतीस तर? त्या वेगात?"

"मग तसं म्हणायचं होतं. जाऊ नको म्हणायचं होतं."

"कसं म्हणू? साऱ्या गावाला मीच सांगून बसलो होतो. मीच न्हाय म्हटलं असतं तर लोक काय म्हणाले असते?"

म्हणजे त्याला माघार घ्यायची होती आणि ती त्यानं माझ्या छातीतून घेतली. हे मला तिथं बोलता आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "पोरगी माझ्या नाकाशी बोट धरायची. तुम्ही बघत होता."

"चुकलं माझं," तो म्हणाला. "वाटायचं, आज सांगीन, उद्या सांगीन. मग तू इतकी घाबरलीस, की सांगायचीच भीती वाटाय लागली."

मुलीला मात्र त्यानं सांगावं असं मी म्हटलं. ते त्याला जमलं नाही. मीच सांगितलं, डॉक्टरांची चूक झाली होती म्हणून. असं त्याचं खोटं मलाही थोडं उचलावं लागलं, आणि या उचलण्याचा राग वेगळाच आहे.

फिटनेसची सही पंचायत समितीच्या त्या डॉक्टरीणबाईंनी केली. लायसन आलं. सोलापुरातून रेल्वेनं मी कोइमतूरला गेले. तो सोडायला येतो म्हणाला, मी नको म्हटलं. ट्रॅकवर प्रशिक्षक ओरडून सांगायचे, जिथं जायचंय तिकडं बघा, चाकाकडं नको. पहिल्या फेऱ्यांत मी सगळ्यांत मागं होते. वळणात गाडी झुकवली की हात आपोआप छातीकडं जायला बघायचा. हृदय चांगलं आहे हे डोक्याला कळलं होतं, अंगाला अजून कळायचं होतं. दुपारनंतर एका लांब उजव्या वळणात ते विसरले. बाहेर येऊन हेल्मेट काढलं तेव्हा रडू फुटलं. शेजारची मुलगी म्हणाली, "पहिल्यांदा होतं असं." मी मान हलवली.

आम्ही एकाच घरात राहतो. भांडण नाही. त्यानं पुन्हा कधी गाडीबद्दल काही म्हटलं नाही, उलट सर्व्हिसिंग वेळेवर करून ठेवतो. दवाखान्यासाठी आता मी मुलीला घेऊन उमरग्याला जाते, आणि भाऊजी समोर दिसले तर तेच रस्ता ओलांडतात. परवा स्वयंपाकघरातून नवरा म्हणाला, "सिलिंडर संपलंय गं." मी हातातलं काम टाकून उठले आणि सिलिंडर हलवून बघितलं. संपलंच होतं. तो तिथंच उभा होता. मी काय केलं ते त्याला कळलं, आणि मलाही.