आधी स्वतःचं सांगा

सिस्टरच्या फोरममध्ये माइक हातात घ्यायचा तर एक नियम होता. आधी स्वतःला काय होतंय ते सांगायचं, मग दुसऱ्याला शहाणपण शिकवायचं. कौन्सिलचा एक टायवाला अधिकारी लॅपटॉप उघडून काळ्या बायकांच्या आरोग्याचे प्रश्न समजावायला उभा राहिला, तेव्हा सिस्टर खुर्चीतून न उठता म्हणाल्या, “ते आम्हाला माहीत आहेत. तुमचं काय दुखतं?” तो आधी हसला, मग लाल झाला, आणि शेवटी जमिनीकडे बघत म्हणाला, “मूळव्याध.” बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तो फार चांगलं बोलला.

सिस्टर मूळच्या जमैकाच्या. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलांत जन्म काढून रिटायर झालेल्या. वॉर्डात सिस्टर, चर्चमध्येही सगळ्यांच्या सिस्टर, त्यामुळे खरं नाव कुणी घेतच नसे. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी त्यांच्या रस्त्यावरच्या केमिस्टमध्ये फार्मासिस्ट होते. महिन्यातून एका शनिवारी त्या चर्चच्या हॉलमध्ये काळ्या बायकांसाठी आरोग्याचा हा फोरम भरवत आणि ब्लडप्रेशर मोजायला म्हणून त्यांनी मला काउंटरमागून जवळजवळ ओढूनच नेलं.

घरी आमच्या डॉक्टरसाहेबांनी, म्हणजे नवऱ्याने, भुवया उंचावल्या. “अगं, तो ब्लॅक विमेनचा फोरम आहे. आपला काय संबंध? त्यापेक्षा महाराष्ट्र मंडळाच्या मीटिंगला ये की.” मी ही शंका जशीच्या तशी सिस्टरपुढे ठेवली. त्या म्हणाल्या, “बस स्टॉपवर तुला ‘काळी’ म्हणून शिवी देणाऱ्याने आधी चौकशी केली होती का, तू नक्की कुठली म्हणून?” केली नव्हती. मी गेले. माझ्यावर सांगायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, “गुडघा.” सिस्टरनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “बरं. आज गुडघा.”

‘स्ट्राँग’ या शब्दाचा त्यांना मनापासून राग. “स्ट्राँग म्हणजे काय, तर हिला दुखत नाही, हिच्यावर अजून लादा. डॉक्टरही तेच म्हणतात आणि नवराही.” गर्भाशयात गाठी घेऊन वर्षानुवर्षं ‘थोडं सहन करा’ ऐकत आलेल्या बायका माना डोलवत. मला आमच्याकडचं ‘सोशिक’ हे प्रशस्तिपत्रक आठवे. आपण तर सोसणाऱ्या बाईची आरती करतो आणि आरती झाली की भांडी तिलाच घासायला लावतो.

मग एकदा सिस्टरनी पोस्टरवर ब्लडप्रेशर आणि डायबेटिसच्या खाली एक ओळ घातली: ‘डिप्रेशन, आवाज ऐकू येणं, वेड. मोकळेपणाने बोलू.’ हॉल ज्यांच्या ताब्यात होता ते चर्चचे एल्डर, म्हणजे ज्येष्ठ कारभारी, दुसऱ्याच दिवशी आले. हॅट हातात धरून बोलणारे, सज्जन गृहस्थ. मी तिथेच होते. “सिस्टर, बाकी सगळं ठेवा, एवढी ओळ काढा. देवाच्या घरात हे नको. घराण्याची अब्रू असते. तुमच्या मुलीचा तरी विचार करा, वकील झाली आहे ती आता.”

“तिच्याच वेळची गोष्ट आहे,” सिस्टर म्हणाल्या. “ती झाल्यावर मला भिंतीतून आवाज यायचे. कुलूपबंद वॉर्डात ठेवलं होतं मला. बरी झाले आणि पुढे त्याच हॉस्पिटलात सिस्टर झाले. आता सांगा, मी देवाच्या घरात आलेली चालते का?”

एल्डरनी हॅट डोक्यावर घातली आणि ओळ राहिली तर हॉल मिळणार नाही, एवढं सांगून ते गेले. बायका हवालदिल झाल्या. मनातलं बोलायला त्यांना दुसरी जागा नव्हती. एका ओळीपायी छप्पर का घालवायचं, असं त्यांचं म्हणणं. मीही मंडळात मुरलेली बाई, मी तोडगा काढला: “‘मनःशांती’ लिहू या.” सिस्टर म्हणाल्या, “शांती असती तर पोस्टर कशाला लावलं असतं?”

हॉल गेला. त्या शनिवारी सिस्टरनी सगळ्यांना बस स्टॉपवर बोलावलं. अकरा नंबरची दुमजली बस शहराभोवती मोठी चक्कर मारून निघाल्या ठिकाणी परत येते, त्यात सकाळ जाते. “बसायला सीट आहे आणि भाडं भरलेलं आहे. इथून आपल्याला कोण उठवतं बघू.” गुडघे दुखणाऱ्या बऱ्याच, म्हणून फोरम खालच्याच मजल्यावर भरला. शॉपिंग ट्रॉली घेतलेली एक गोरी आजी ऐकता ऐकता म्हणाली, नवरा गेल्यापासून मलाही झोप नाही, आणि आपला स्टॉप सोडून बसून राहिली. मग मी बोलले. दुकान बंद केल्यावर मी गाडीत बसून रडते, कारण सांगता येत नाही, असं बोलले. घरी हे ठाऊक नव्हतं. सिस्टरनी शेजारची पिशवी उचलली आणि मला जवळ जागा करून दिली. त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्यालाही सांगितलं.

फोरम मग बसमध्येच भरत राहिला. ओळ वगळली तर हॉल देतो, असे एल्डरचे निरोप येत. सिस्टर ते निरोप सगळ्या बसला वाचून दाखवत आणि हसत.

दोन वर्षांनी स्ट्रोकने त्या गेल्या. चर्च गच्च भरलं होतं. माझ्याबरोबर डॉक्टरसाहेब आले होते. एल्डर सुंदर बोलले: नर्स, आई, चर्चच्या गाण्यातला भरदार आवाज, शेवटपर्यंत स्ट्राँग. माझं डोकं फिरलं. जिच्या तोंडावर दार लावलं, तिला आता गुळगुळीत करून पुरत होते.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून त्यांची मुलगी उठली. ती फोरमला कधी आली नव्हती, बसमध्येही नाही. आईचं बोलणं तिला आवडत नसावं, असंच आम्ही समजत होतो. ती जागेवरूनच म्हणाली, “एल्डर, एक राहिलं. माझ्या जन्मानंतर माझी आई वेडी झाली होती. तिने ते कधी लपवलं नाही. मी लपवलं. आता नाही लपवणार.”

एल्डर मान खाली घालून उभे राहिले. मागच्या बाकांवरून बसमधल्या बायका म्हणाल्या, “आमेन.” मीही म्हणाले, आणि चांगलं मोठ्यांदा म्हणाले.