ताईचे वारस

ताई गेली तेव्हा आईने रडण्याआधी मला एक काम सांगितलं. "पातूरले फोन लाव. तिच्या घरच्या मानसायले बोलाव."

तिच्या घरची माणसं म्हणजे सासरची. लग्नानंतर थोड्याच दिवसांत भाऊजी अपघातात गेले. मूलबाळ नव्हतं. वर्षश्राद्ध उरकताच त्या माणसांनी ताईला अमरावतीला माहेरी आणून सोडलं आणि पुन्हा इकडे फिरकली नाहीत. ताई शिक्षिका झाली. मेळघाटात, धारणीकडच्या शाळांत जीपमध्ये हाडं खिळखिळी करत अर्धी नोकरी काढली, मग बदली मिळवून अमरावतीला आली आणि कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या. बाबा आधीच गेले होते, मी अकोल्याला सासरी. भाड्याच्या घरातून आई तिच्याकडे गेली आणि त्या दोघींचा संसार सुरू झाला.

"अग्नी मी देते," मी म्हटलं. शेजाऱ्यांनीही माना डोलावल्या. आई ऐकेना. "तिचं गोत्र त्यायचं हाय. तू काहून देशीन? लोक काय म्हनतीन?"

दुपार टळली तरी ताई अंगणात होती. मला आईचा इतका संताप आला होता की तिच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी ताईचा दीर आला, ओशाळलेला. त्याने अग्नी दिला. आईने त्याच्यापुढे हात जोडले.

पुढे घर आईच्या नावावर करायचं म्हणून आम्ही ओळखीच्या वकिलाकडे गेलो. ताईचं मृत्युपत्र नव्हतं. तिने एकदा विषय काढला होता, पण अभद्र बोलू नको म्हणून आईनेच तिला गप्प केलं होतं. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि कायदा सांगितला. हिंदू बाई, नवरा नाही, मूल नाही, घर स्वतःच्या कमाईचं. अशा वेळी आधी नवऱ्याचे वारस येतात, आई त्यांच्यानंतर. ताईचे सासू-सासरे आता नव्हते, म्हणजे घर एकट्या दिराचं.

"त्यांनी तिला घराबाहेर काढलं होतं," मी म्हटलं.

"कायदा ते विचारत नाही, ताई."

आईने इतकंच विचारलं, "अन् पोराचं घर असतं तर?"

"तर तुम्ही पहिल्याच वारसांत असत्या." ते म्हणाले. अग्नी कोणी दिला याचा वारसाशी काही संबंध नाही, हेही त्यांनी समजावून सांगितलं. आईला ते पटलं नाही. आपणच माणसं बोलावली, आपणच घर देऊन टाकलं, हे तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

ताईसोबत शिकवणाऱ्या एक मुसलमान बाई भेटायला आल्या. म्हणाल्या, "आमच्यातही बाईचा हिस्सा कमीच असते. पन आईचा हिस्सा कोनी काढू नाही शकत." ख्रिश्चनांत अशा वेळी आई आणि बहिणीला सारखं मिळतं, हे वकील बोलले होतेच. मला हसूच आलं, कडवट. जन्मभर उपास केले आईने, आणि दाराबाहेर तीच.

दीर माणूस वाईट नव्हता, हे मला कबूल करावं लागेल. तो मुद्दाम आला, चहा घेतला आणि म्हणाला, "मावशी, तुमी हायात तवरक इथंच राहा. मी काई तुमाले जा म्हनून नाही राहिलो."

मला जरा हायसं वाटलं. आईने मात्र पदर डोक्यावरून ओढून घेतला. "आता हे व्याह्याचं घर झालं, भाऊ. व्याह्याच्या घरी कोनी राहते का?"

समजावून मी थकले. आठवडाभरात तिने भांडी घासून पालथी घातली, देव्हारा बांधून घेतला आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

आता ती माझ्याकडे आहे, अकोल्यात. माझा नवरा तिला काही कमी पडू देत नाही. तरी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते आणि त्याला विचारते, "जावईबापू, थोडासा चहा करून घेऊ का?" तो रोज हो म्हणतो. ती रोज विचारते. मी ओट्यापाशी पाठ करून उभी असते. ताईच्या घरात आईला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं.