पिठातली पावलं

सुरंगीचा वास आला की इब्रामपूरची ती तिन्हीसांज आठवते. शेजारी विश्राम आणि आनंद, दोघा पुरुषांचा संसार. विश्रामची बहीण वारली आणि तिचा नटवा मुलगा त्यांच्या पदरात पडला. बाराव्याला दिव्याभोवती पीठ पसरलं होतं. त्यात मेलेल्याची पावलं उमटतात म्हणे. मी तेल घालायला गेले तर आत बांगड्या वाजल्या. धीटपणाचा टेंभा मिरवणारी मी केवढ्यांदा किंचाळले! बघते तर आईची साडी नेसून, सुरंगी माळून पोर नाचत होतं. पिठात पावलं होती, त्याचीच असणार.

त्याला न्यायला वास्कोहून आलेले काका ओट्यावरून गरजले, "हंय, ह्या दोघांकडे, पोर बायल्या होतलो!"

"पिठातली पावलां ह्याच्या आयचीच," मी ठोकून दिलं. "पोर हंयच ठेवा म्हणता ती."

काका पळालेच.

थाप पचल्याच्या ऐटीत मी पोराचे पाय धुवायला घेतले. तळव्यांना पिठाचा कणही नव्हता.